बैठ्या गटातील सतरावी

मी माणसांचा श्वास मोजते.
दौलतगंजातल्या आत्या विचारतात, म्हणजे तू डॉक्टर होणार ना?
हो, पण गोळ्या देणारी नव्हे.
मग काय, पीटी शिकवणार?
मी चहा पिते. चौथं वर्ष आहे.

गुडघ्यातला एक अस्थिबंध खो-खोने घेतला,
तेव्हापासून मी दुसऱ्यांना धावायला लावते.

सकाळी सहाला किल्ला कमरेपर्यंत धुक्यात असतो.
मी मास्क धुते, सिलिंडरमधल्या वायूशी
यंत्राची ओळख करून देते.
रोज करून द्यावी लागते. यंत्र रोज विसरतं.

विषय मंजूर झाला तेव्हा सोपा वाटला होता:
इकडे धावपटू तीसजणी,
तिकडे बैठ्या स्त्रिया तीस.
धावपटू मिळाल्या. बैठ्या मिळेनात.
कुणाचा उपास, कुणाचा नवरा,
कुणाला तोंडावर मास्क म्हणजे आजारपणच.
शेवटी मेसमधली गोमती कुशवाह आली,
वय सेहेचाळीस, हाताला कणीक तशीच.

व्यायाम करता?
नाही.
खेळ?
ती नुसती हसली.
जिने?
तिसऱ्या मजल्यावर राहते. पाणी खाली येतं.
दोन बादल्या, सहा फेऱ्या.
मग कंपूपासून पायी, कारण टेम्पोला दहा रुपये.
मग कणीक, पंधरा किलो,
आज पोरं कमी होती म्हणून.

प्रश्नावलीत चौकट होती:
फावल्या वेळातील शारीरिक हालचाल.
फावला वेळ, मी पुन्हा म्हटलं.
ती विचारात पडली,
जणू मी तिच्या पासपोर्टचा नंबर विचारला होता.
मी शून्य लिहिलं.

बूट तिच्या मापाचे नव्हते. ती अनवाणीच चढली,
साडी खोचून.
पट्टा सरकू लागला तशी म्हणाली,
"ये चल तो रही है, जा कहाँ रही है?"
आणि मास्कच्या आत हसली.
पडद्यावर त्या हसण्याचा एक सुळका उमटला,
तो मी नंतर खोट म्हणून गाळला.

चढ चार टक्के. सहा. दहा.
उरवाईची घाटी आता या खोलीत उभी होती.
हाताने विचारलं, थांबायचं?
तिने अंगठा वर केला.
मला वाटलं, खुणांमध्ये गोंधळली असेल.
गोंधळली नव्हती.

एकेचाळीस पूर्णांक तीन
मिलिलीटर, दर किलोमागे, दर मिनिटाला.
माझ्या धावपटूंपैकी अकराजणी तिच्या मागे.
मी यंत्राची पुन्हा ओळख करून दिली.
यंत्राला सगळं आठवत होतं.

तोमर सर म्हणाले, आउटलायर आहे, काढून टाका.
नाहीतर गट बदला.
सर वाईट नाहीत. ते मार्चमध्ये निवृत्त होतात,
माझी फेलोशिप जूनमध्ये.
कुठल्या गटात टाकू, सर?
त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

रात्री फाइल उघडून बसले.
सतरावी ओळ निळी केली, बोट डिलीटवर ठेवलं.
सवयीने दुसऱ्या हाताने नाडी धरली:
एकशे दोन, बसल्या जागी.
बैठी ती मी,
एवढंच त्या रात्री सिद्ध झालं.

सकाळी ताट वाढताना गोमतीने हळूच विचारलं,
"हम पास हुए?"
मी मान हलवली.
तिने एक पोळी जास्त टाकली, आणि म्हणाली,
पुढच्या वेळी मशीनवर दोन बादल्या द्या,
हात मोकळे असले की चालता येत नाही.

मी ते वहीत लिहून घेतलंय.
प्रश्नावलीत एक चौकट वाढवलीय,
तिला अजून नाव सुचत नाही.
उरलेल्या एकोणतीसजणींना पुन्हा विचारावं लागेल.
दोघी मोरारला आहेत.
एक मुलीच्या बाळंतपणाला भिंडला गेली आहे,
भिंडची बस साडेसातला.