पांढरं सोडायचं

करावे गावामागच्या बांधावर घडीचं स्टूल उघडते.
एक पाय चिखलात खचतो,
दुसऱ्याखाली विटेचा तुकडा सारते.
मांडीवर पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टीने ताणलेला कागद,
श्रीखंडाचा डबा, आणि डबा रिकामा.
पाणी घरी ओट्यावरच राहिलं.
मग खाडीचंच घेतलं,
गाळ खाली बसेपर्यंत थांबले.

आधी आभाळ.
फेब्रुवारीत ते इथे निळं नसतंच,
उरणच्या बाजूने शिळ्या ताकासारखं.
ओल्या कागदावर जरासा राखाडी, कणभर गेरू,
आणि पुठ्ठा तिरका धरून वाट बघायची.
दमट हवेत घाई केली की पलीकडचा डोंगर
आभाळात विरघळून जातो.
असे दोन घालवलेत मी या हिवाळ्यात.

तसे डोंगर घालवायची मला सवय आहे.
एकतीस वर्षं ट्रेसर होते,
बेलापूरच्या कचेरीत, तिसरा मजला, खिडकीकडे पाठ.
रस्त्याची रुंदी पंचेचाळीस मीटर.
तिवरं असतील तिथे तिरप्या रेघा,
आणि जिथे काहीच नाही असं साहेब म्हणत
ते पांढरं सोडायचं.
पांढरं म्हणजे मोकळं. मोकळं म्हणजे देण्याजोगं.
हात साफ होता माझा.
साळसकर साहेब म्हणायचे,
हिच्या रेघेला धाप लागत नाही.

इथे रेघच नाही.
तिवर कुठे संपतं, चिखल कुठे लागतो
तासभर बघूनही सांगता येत नाही.
मधे श्वासमुळं वर आलेली, हजारो बोटं,
हजेरीला उठवल्यासारखी.
ब्रश फडक्यावर कोरडा करून
नुसता टेकवते, टेकवते.

आंबीबाय येते, गुडघाभर चिखलातून,
कमरेला टोपली, टोपलीत निवट्या फडफडताहेत.
मागे उभी राहते. तिचं पाणी माझ्या पिशवीवर ठिबकतं.
"तुज्या चित्रान पानी येतंय का जातंय?"
मला सांगता येत नाही.
"मुलं बघ ना," ती म्हणते. मुळांना ती मुलं म्हणते.
"वली कवर हाय ती बघ."
बघते. खाली काळपट, वर फिकट,
मधे बोटभर चमक.
"म्हंजे जातंय अजून."
एवढी वर्षं हीच जमीन काढली,
पाणी कुठे चाललंय
हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

लांब पातळ पाण्यात रोहित पक्षी, तीसेक.
माझ्या डब्यात पांढऱ्याची ट्यूब नाही.
वाशीच्या क्लासमधल्या डिमेलो बाई म्हणतात,
पांढरं लावत नाहीत,
सोडतात.
हात थांबतो.
मग त्यांच्याभोवतीनं पाणी रंगवत जाते,
पोटाखालून, मानेच्या वळशातून,
एकेकाला वाट देत.
धाप लागते.
दोघांच्या पायांत चुकते, एक बुडतो.
एकोणतीस.

ऊन चढतं, कागद वाळायला लागतो
आणि खाडीचं मीठ वर येतं.
चिखलाच्या रंगात खसखशीएवढे ठिपके फुटतात,
मी न सोडलेले.
टिपकागद शोधते.
आंबीबाय वाकून बघते, बोट लावत नाही.
"मीठ धरलंय," म्हणते,
आणि हनुवटीने टॉवर दाखवते, चार, पिवळे,
"तथं आमचा आगर व्हता."
कुठल्या सेक्टरमध्ये ते मला पाठ आहे.
सांगत नाही. ती दहाच्या दोन निवट्या देऊ करते,
मी चार घेते.

रिक्षात चित्र मांडीवर आडवं धरून बसते,
पायाशी निवट्यांची पिशवी हलतेय.
गतिरोधकावर उरलेलं पाणी एका कडेला धावतं,
आभाळ डोंगरात उतरतं.
फडकं हातातच आहे.
ओलं आहे अजून.
असू दे.