डावीकडची जागा

माझ्या गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याचा, एक माझा,
आणि एकवीस वर्षांची नोकरी म्हणजे
तो दुसरा न दाबणं,
जमेल तितका वेळ.

या शहरात सपाट अशी नदीच तेवढी.
बाकी कॉर्क सगळं चढावर,
घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी,
आणि माझ्याकडे येणारा जो तो
आधी चढाचंच विचारतो.

लॉर्कन, वय एकोणीस, जिभेला हाड नाही,
पण राउंडअबाउट दिसला की मुका.
एकदा त्याच गोलाला तीन फेऱ्या मारल्या आम्ही.
बाहेर कुठून पडायचं हे विचारायची त्याला लाज,
मला सांगायची घाई नव्हती.
चौथ्या फेरीत तो हसला. मग सुटलो.

ब्रीड टूमी बावन्न वर्षांची.
पहाटे तीनला बेकरीची भट्टी पेटवणारी,
उघड्या दारातल्या त्या धगीला न भिणारी
ती क्लचला भ्यायची.
माफी मागायची सगळ्यांची:
कचऱ्याच्या डब्यांची, सिग्नलची,
रस्त्यात चिप्स टिपणाऱ्या सीगलची,
गाडी बंद पडली की गाडीची.

मी विचारलं, पीठ झालं हे कसं कळतं तुला?
म्हणाली, हाताला कळतं. आधी मऊ पडतं, मग ओढ धरतं.
तेच, म्हटलं. तेवढंच पायाला कळू दे.

सेंट पॅट्रिक्स हिलवर, अर्ध्यात,
मागे दुधाची व्हॅन, तिच्यामागे अजून चार,
समोर नुसतं बॉनेट आणि आभाळ.
पलीकडे शँडनच्या मनोऱ्यावर चार बाजूंना चार घड्याळं,
एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.
त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, वेळ आहे.
इतक्या वेळा आहेत, एखादी आपली असेलच.
माझा पाय ब्रेकच्या वर, कागदाएवढा.
गाडीनं नाक किंचित उचललं.
ब्रीडनं श्वास सोडला नाही,
हँडब्रेक सोडला.

परीक्षेत दोनदा नापास.
एकदा फार सावकाश म्हणून,
एकदा परीक्षकाची माफी मागण्याच्या नादात
'थांबा'ची पाटी हुकली म्हणून.
तिसऱ्यांदाचं मला तिनं कळवलंच नाही.
मीही विचारलं नाही. माणसं गळतात मधेच.

बायको म्हणते, झोपेत तुझा उजवा पाय हलतो.
चर्चमध्ये प्रवचन लांबलं तरी हलतो.
मुलगी गाडी चालवते तेव्हा मला मागे बसवते,
मागे ब्रेक नसतो, हे पायाला अजून पटलेलं नाही.

मार्चमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.
थेंब घातले, जग ताकात कालवल्यासारखं झालं.
फाटकाशी एक गाडी उभी. दार उघडलं तर यीस्टचा वास.
'पाव घेताना तुमची बायको बोलली,' ब्रीड म्हणाली.
'आज इकडूनच जाणार होते.' खोटं असावं.
मी सवयीनं डावीकडे बसलो.
पायाखाली नुसती चटई,
तिच्यावर चुरा.

चढ आला ते पाठीला कळलं.
थांबलो. मागून कोणीतरी हॉर्न दिला,
मग पुन्हा दिला, लांब.
मी चटईत पाय रुतवून,
आणि ती काही म्हणेना.
तिच्या पायाखाली ते मऊ पडलं, ओढ धरली,
निघालो.

जरा वर गेल्यावर हळूच म्हणाली, सॉरी.
कोणाला?
'सीगल होता.'
मला दिसला नव्हता.