अजून शून्य नाही

समिती येणार म्हणून आम्ही कुताइसीत
दोन आठवडे फायलींना क्रमांक देत बसलो.
निकष सात, पुरावा बारा, जोडपत्र 'ग'.
फार्मसीच्या जिन्यात नवे फलक, गळक्या नळाला नवी तोटी;
धूर ओढणारं कपाट मात्र खोकतच राहिलं.

त्सिआलाची वही कुठल्याच निकषात बसेना.
एकतीस वर्षांची फुटलेली चंचुपात्रं,
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
मेणबत्तीपाशी केलेली वजनं,
आणि एका मुलाचं नाव, खाली दोनदा रेघ:
"दशांश चिन्ह विसरला. घरी पाठवला. परत आला."
मी वही मागितली तर म्हणाली,
राहू दे. हा पुरावा नाही, हा राग आहे.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या बाईंनी
चहा बाजूला सारून बाचानालाच गाठलं.
डॉक्टरचं अक्षर लागत नाही,
मूल तापानं फणफणलंय. काय देशील?
"फोन करीन."
उचलला नाही तर?
तो खिडकीतून रिओनीचं गढूळ पाणी बघत राहिला.
"मग शिव्या खाईन. औषध देणार नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं. एकच ओळ.
मला ती उलटी वाचता आली नाही.

मान्यता मे महिन्यात आली. सशर्त, दोन वर्षांची;
अट त्या खोकणाऱ्या कपाटाची.
खाली डीननी वाइन फोडली, पेला उंचावून
पूर्वजांपासून सुरुवात केली.

त्सिआला वर होती.
तराजूच्या पारड्यावरून मऊ ब्रश फिरवून,
काचेचं दार लावून, श्वास धरून.
आकडा ०.०००२ वर अडलेला.
मी बातमी सांगायला तोंड उघडलं.
"थांब," ती म्हणाली, "दारातच थांब.
अजून शून्य झालं नाही."