हँडलमागची जागा

रविवारी साडेपाचला,
ऊन पार्किंगच्या पत्र्यावर चढायच्या आत
मी दोन बादल्या मांडते.
एक साबणाची, एक फडकं खळबळायची.
इंदिरानगरच्या आमच्या बोअरचं पाणी जड,
वाळलं की लाल रंगावर पांढरी वर्तुळं.
म्हणून शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा.
हे सासूबाईंना अजून माहीत नाही.

दोन दारं, दोन सीटं, कापडी छप्पर.
अंग फायबरचं,
चुंबक लावून बघा, घसरून पडेल.
हिला गंज चढत नाही,
पण ही तडकते,
आणि तडकल्याचा आवाज येत नाही.

शेजारचे कोतवाल दर रविवारी विचारतात,
अ‍ॅव्हरेज काय देते?
बारा, मी म्हणते.
ते मान हलवतात,
घरात कुणी आजारी असल्यासारखी.

आठवडाभर अंबडला बेअरिंगच्या कड्या मोजते.
केसाहून बारीक चूक निघाली
तर अख्खा ट्रे परत.
त्यामुळे मला ओरखडा आधी दिसतो,
वस्तू नंतर.
हा गुण नाही, खोड आहे.

बॉनेटवर माती फिरवते, ती निळी, मऊ, डिटेलिंगची.
बोटांखाली खरखर,
मग कमी,
मग काहीच नाही.
घडी उलटून बघितली तर
भट्ट्यांची काजळी, रस्त्याचं डांबर,
आणि गिरणारे रोडला एकदाच गेले होते, त्या दिवशीची
द्राक्षबागेतल्या गंधकाची पिवळी भुकटी.

गाडी आधी सायलस भालेरावांची. शरणपूरचे.
तेरा वर्षं त्यांच्याकडे होती.
विकताना चाव्या दिल्या, जॅक दिला,
आणि एक दोनशेपानी वही.
तेल कधी बदललं,
क्लचची केबल कुठे तुटली (कसारा घाट, दोनदा),
आणि मध्येच, त्याच अक्षरात,
'इस्टरला वारा लागला. घोटीपासून छप्पर लावलं.'
शेवटच्या दोन वर्षांत फक्त तेल.

हँडलच्या मागे वाटीएवढी खोलगट जागा असते.
दार उघडताना नखं तिथे लागतात.
ड्रायव्हरच्या बाजूला चार-पाच रेघा.
डाव्या बाजूला मोजता येईनात,
शेवया सांडाव्यात तशा एकमेकींत गुंतलेल्या.

मी तर्जनीला फडकं गुंडाळलं,
वाटाण्याएवढं कंपाउंड घेतलं.
सात मिनिटं.
टॉर्च मारून बघितलं. नुसती काच!
फोटोसुद्धा काढला.

भालेराव गेल्या महिन्यात आले,
हातात चिवड्याचा पुडा.
सुरू करायला लावली, कान दिला,
टॅपेट जरा बोलतोय, म्हणाले.
मग डाव्या बाजूला गेले
आणि दार न उघडता
हँडलमागे बोटं सरकवली.
थांबले.
पुन्हा सरकवली,
लाइट गेल्यावर आपल्याच घरात
मेणबत्तीचा खण चाचपतात तशी.

छान गुळगुळीत केलंस गं, म्हणाले.
चहा नको म्हणाले.
रिक्षा मिळेपर्यंत मी फाटकात उभी राहिले,
त्यांनी हात केला, मीही केला.

रात्री वही काढली.
तारीख. किलोमीटर.
'डावं हँडल. पॉलिश.'
पुढे पेन टेकवून ठेवलं तिथे
शाईचा एक ठिपका पसरलाय.

रउफ मिस्त्री म्हणतो, टॅपेटचं काय एवढं,
अर्ध्या तासाचं काम, पाथर्डी फाट्याला घेऊन या.
नेईन.
नवरा या गाडीत बसत नाही,
म्हणतो, बसायला कमरेत वाकावं लागतं,
आणि उठायला देव आठवतो.

आज सगळ्या गाडीला मेण लावलं.
बॉनेट, डिकी, आरशांच्या पाठी,
उजवं हँडल.
डावं नुसतं पुसलं.
मेण लावलं की
नखं निसटतात.