नमुना सातवा

तीन निनावी पत्रं. कागद सीताबर्डीत कुठंही मिळेल असा.
भिंगाखाली कान्याचा पाय मोडका,
‘ळ’ ओळीच्या किंचित वर,
पोटात रिबिनीचा मळ.

कोर्टाच्या कुंपणालगत अकरा टंकलेखक.
प्रत्येकाला म्हटलं, लिहा: बाळाला सांभाळ.

सातवे उकंडराव मेंढे.
चष्मा पुसत म्हणाले,
‘माहीच मशीन आहे जी.
पानाले पंधरा रुपये घेतो, मजकूर नाही वाचत.
वाचला असता तं
इतली वर्सं इथं बसता आलं असतं का?’

अहवालात लिहिलं: अक्षरदोष जुळतात.
मजकूर कुणाचा, सांगता येत नाही.

सही करताना पुन्हा पाहिलं.
तिन्ही पत्रांत ‘मारिन’वर फुल्या,
आणि शेजारी, शांतपणे,
दीर्घ वेलांटीचं
‘मारीन’.