परखी

शेवटचं पान उलटलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.
कोपरखैरण्यात त्या वेळी
टाकीवरचा लाल दिवा जागा असतो, आणि मी.
मिठागरातली ती पोर एकडोळ्या म्हाताऱ्या ड्रॅगनच्या मानेवर चढली,
शत्रूच्या मुलाला हात देऊन मागे घेतलं,
आणि गेली.
मी खाली राहिले,
गॅलरीत वाळणाऱ्या चादरींखाली,
सहाशे बारा पानांनंतर
एकदम जमिनीवरची बाई.

सकाळी तुर्भे. मसाला मार्केट.
वहीवर ब्याडगीची लाल धूळ,
कुणी पोतं आपटलं की अख्खी गल्ली ठसकते.
वेलजीशेठ म्हणाले, डोळे का सुजलेत?
म्हटलं, मिरची.
इथलं हे एक बरं आहे,
रडायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

भाचीला विचारलं. शाल्मलीनं अकरा नावं पाठवली, शेऱ्यांसकट.
ह्यात लांडगे आहेत.
ह्यातला राजा दुसऱ्या भागापर्यंत वाईट वाटेल, धीर धर.
मावशी, हे दोनशेव्या पानानंतर दार लावून वाच.

लांडग्यांची चाळीस पानं झाली.
तो सारखा तिच्या मानेचा वास घेत होता.
वासाचं मला सांगू नका,
बावीस वर्षं धण्यांच्या पोत्यांत बसते आहे.
राजाचं आणखी वेगळंच.
वहीच्या मागच्या पानावर मी रेघा मारत गेले:
सतरा वेळा जबडा आवळला त्यानं.
अरे, कुणीतरी दाताच्या डॉक्टरकडे न्या ह्याला.

वाशीच्या लायब्ररीत खांडेपारकरांनी चष्मा कपाळावर चढवला.
ड्रॅगन? मुलांचा विभाग त्या कोपऱ्यात.
होते तिथे ड्रॅगन. गुबगुबीत.
रोज दोनदा दात घासा म्हणून सांगणारे.

खरं तर मला ड्रॅगनच हवा होता असंही नाही.
काय हवं होतं ते खांडेपारकरांना
काउंटरवरून कसं सांगणार?

मग रविवारी सानपाड्याच्या हॉलमध्ये
पुस्तकं किलोवर.
दाराशी काटा, भिंतीवर भाव,
मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

वेलजीशेठ पोत्याचं तोंड कधी बघत नाहीत.
तोंडाशी चांगला माल सगळेच ठेवतात.
ते परखी खुपसतात, थेट मध्यात,
निघेल ते तळहातावर घेतात,
देठ मोडतात, बी खुळखुळतंय का कान लावून ऐकतात,
आणि बहुतेक वेळा मान हलवून पुढे जातात.

मीही सोनेरी तलवारी, काटेरी मुकुट, सगळं पालथं घातलं
आणि मध्यातच उघडत गेले.
एकशेनव्वदाव्या पानावर राजपुत्र आरशासमोर. परत.
दोनशेचौदाव्यावर भविष्यवाणी, तीही यमकात. परत.
मग एक पातळसं, कोपरे मुडपलेलं:
बाई होडीच्या बुडाला डांबर फासते आहे,
जिच्या घराण्याशी वैर त्या घरचा तो
बादली धरून उभा.
दोघं बोलत नाहीत.
आणि खाली, काळ्या पाण्यात,
काहीतरी अवाढव्य
कूस बदलतं.

माझी मूठ मिटली.

साडेचारशे ग्रॅम, मी हातावरच सांगितलं.
काटा म्हणाला चारशे चाळीस.
काट्यावरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.
म्हटलं, तुझा काटा तपासून घे.

रात्री यशवंत रबाळ्याहून आला, दुसरी पाळी करून.
जेवला, उशीवर डोकं टेकलं,
मग एक डोळा उघडून म्हणाला, ह्यातही उडतात का?
नाही, ह्यात बुडतात.
बरं, म्हणाला,
आणि टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला वळवून
भिंतीकडे तोंड करून झोपला.

पान एकतीस.
होडी अजून किनाऱ्यावरच आहे.
तो मला आवडलेला नाही, ती थोडी.
मधूनच त्या एकडोळ्याची आठवण येते,
पंख पसरताना तो कण्हायचा तशी.
घाई नाही.
पाणी हलेपर्यंत
मी बादली धरून उभी आहे.