कारी म्हणजे बेट

दुसरीकडे म्हणे इतिहास जमिनीखाली असतो.
आमच्या लेप्पाकारीत तो टेकडीवर आहे,
भेटायचं तर चढावं लागतं.

हिमयुगाच्या ओझ्यानं वाकलेली ही जमीन
ओझं उतरून युगं लोटली तरी
अजून पाठ सरळ करते आहे,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढी,
आणि समुद्र, न भांडता, मागे सरतो.
आजोबांची नावेची खोप आता बटाट्याच्या वावरात उभी आहे,
दार अजून पाण्याकडे.
वरच्या पाइनच्या रानाला सगळे 'सीलांचा खडक' म्हणतात.
सील सोडा, तिथून पाणीसुद्धा दिसत नाही.

सरकारी वहीत आमचा पहिला उल्लेख करबुडवे म्हणून:
तीन घरं, एक घोडा, सारा थकलेला.
शाळेत गावाचा इतिहास तिथून सुरू व्हायचा.
त्याआधी इथं पाणी होतं, बाई म्हणायच्या,
आणि फळा पुसायच्या.

माझ्या जन्माच्या आधीचा उन्हाळा.
बाबा सीलांच्या खडकावर नव्या रस्त्यासाठी वाळू उपसत होते.
पिवळ्या वाळूत एक लाल डाग लागला,
माणसाएवढा लांब,
कडेनं कुणी हात फिरवावा तसा गोल.
बाबांनी यंत्र बंद केलं, टोपी काढली,
आणि सायकलवरून पाद्रीबुवांकडे गेले,
कारण खून झाला असेल तर आधी कुणाला सांगायचं
हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खून नव्हता, गेरू होता.
पाच हजार वर्षांपूर्वी, हा खडक बेट असताना,
कुणीतरी आपलं माणूस गेरूत निजवलं होतं.
हेलसिंकीहून इर्मेली नावाची एक मुलगी आली,
दीड महिना गुडघ्यांवर, हातात रंगाऱ्याचा ब्रश.
इथली माती आंबट, हाडं खाऊन टाकते.
तिला मिळाल्या दातांच्या चार टरफल्या,
अर्धी अंबराची कडी,
सीलांची जळकी हाडं चिमूटचिमूट,
आणि चुलीपाशी भूर्जाच्या सालीचा काळा डिंक,
चघळून थुंकलेला.

तो डिंक आता अग्निशामक दलाच्या माडीवर, काचेखाली आहे.
किल्ली माझ्याकडे असते, दुसरं कुणी घेत नाही म्हणून.
एकदा आमच्या दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या, सिल्वी रौतामाकी.
चष्मा कपाळावर सारून बराच वेळ वाकून पाहिलं, म्हणाल्या,
"सगळं डावीकडून चावलंय.
उजवी दाढ ठणकत असणार बिचारीची."
बिचारीची, असंच म्हणाल्या.
त्या दिवसापासून मला ती बाईच वाटते,
गालावर हात धरून चुलीशी बसलेली,
कुणी विचारलं तर काही नाही म्हणणारी.

बाबांनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं:
पेपरात पहिला डाग म्हणून छापून आला,
तो सातवा होता.
आधीचे सहा त्यांनी पाहिले, आणि ट्रकात भरले.
"काम थांबलं असतं.
तुझी आई दिवसांत होती,
दवाखाना चाळीस किलोमीटर,
आणि मध्ये नुसती दलदल."
मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले,
"सातव्या वेळी हात उठला नाही."

मी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत
त्याच रस्त्यावरचा बर्फ लोटतो.
याच रस्त्यानं आई मला पोटात घेऊन गेली, दुपट्यात घेऊन आली.
बर्फ वितळला की दुधडेअरीच्या वळणाला
कडेची वाळू दोन-चार दिवस तांबूस दिसते.
लोक म्हणतात, गंज असेल.

तिथं आलो की मी पातं दोन बोटं वर उचलतो.
नगरपालिकेचे साहेब विचारतात,
नेमका त्याच वळणावर बर्फ कसा राहतो?
मी सांगतो, पातं झिजलंय.
दरवर्षी ते नवीन पातं मंजूर करतात.